केसपेपरवरची ‘गृहिणी’

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझे वय ५६. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचे लहानसे कुळागर (पोफळी-नारळाची बाग) आहे. ते यजमान पाहतात आणि मी गेली अठ्ठावीस वर्षे घरच्या ओटीवर बायकांचे कपडे शिवते. जूनमध्ये उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. सुईने तुकडा काढून तपासला, तेव्हा कॅन्सर निघाला. गाठ पावणेदोन सेंटिमीटर आहे आणि काखेत हाताला काही लागत नाही, असे सांगितले. सर्जन म्हणाले, “दोन मार्ग आहेत. फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन द्यायचे, नाही तर पूर्ण स्तन काढायचा. आयुष्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. घरी बोला आणि पुढच्या बुधवारी काय ते सांगा.” मी सातवी शिकलेली बाई. डॉक्टरांचीच खात्री नाही म्हणून ते माझ्यावर ढकलतात का? यजमान म्हणतात, एकदाच काय ते काढून टाक. मुलगा पुण्याला असतो. त्याने डॉक्टरांना परस्पर फोन केला आणि मला म्हणाला, “आई, तू यात पडू नको, मी बघतो.” नणंद मुंबईला चल म्हणते. घरात मला कोणी विचारत नाही आणि ज्यांनी विचारले त्यांना काय सांगावे ते मला कळत नाही. त्यात चवथीचे ब्लाउज शिवायला घेतले आहेत. “डॉक्टर, तुम्हीच ठरवा” असे मी म्हटले तर चालेल का?

— एक भगिनी, सत्तरी

उत्तर

ताई, तुमची बुधवारची वेळ जवळ आली होती, म्हणून हे उत्तर तुम्हाला आधी टपालाने पाठवले आणि तुमच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, आता येथे छापत आहे. मी सर्जन नाही. डिचोली परिसरात तीस-एक वर्षे दवाखाना चालवलेली साधी फॅमिली डॉक्टर आहे. त्यामुळे दोहोंपैकी कोणता मार्ग घ्या हे मी सांगणार नाही. तो मार्ग कोणी, कशाच्या आधारे आणि कोणाशी बोलून ठरवावा, एवढ्यापुरतेच माझे हे लिहिणे आहे.

पहिली शंका आधी दूर करते. तुमच्या सर्जनांची खात्री नाही म्हणून ते तुम्हाला विचारत आहेत, असे नाही. या एका बाबतीत वैद्यकशास्त्राला असलेली खात्री क्वचितच इतर कुठे सापडेल. इटलीत मिलान येथे १९७३ ते १९८० या काळात ७०१ बायकांवर एक चाचणी झाली. सर्वांच्या गाठी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या होत्या आणि काखेत हाताला काही लागत नव्हते, म्हणजे तुमच्यासारखीच परिस्थिती. कोणाला कोणती शस्त्रक्रिया द्यायची हे डॉक्टरांच्या किंवा रुग्णांच्या मनावर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले गेले. ३४९ जणींचा पूर्ण स्तन काढला. ३५२ जणींचा गाठ असलेला भाग तेवढा काढून नंतर रेडिएशन दिले. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा दोन्ही गटांत जगण्याचे प्रमाण सारखेच होते. अमेरिकेत १,८५१ बायकांवर झालेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीनेही त्याच वर्षी हेच सांगितले. तेव्हा “आयुष्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच” हे वाक्य त्यांनी तुम्हाला धीर देण्यासाठी उच्चारलेले नाही, त्यामागे वीस-वीस वर्षांचा पाठपुरावा आहे.

फरक आहे तो दुसऱ्या ठिकाणी. मिलानच्या चाचणीत स्तन राखलेल्या ३५२ पैकी ३० जणींना त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर आला, म्हणजे शंभरात साधारण नऊ जणींना. पूर्ण स्तन काढलेल्यांपैकी आठ जणींना त्याच जागी पुन्हा झाला, म्हणजे शंभरात दोन-तीन जणींना. तो पुन्हा आला तर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, पण त्यामुळे एकूण आयुर्मानात फरक पडलेला दिसला नाही. आजची औषधे तेव्हा नव्हती, त्यामुळे आजचे आकडे याहून बरे असतात. तुमच्या गाठीच्या जातीनुसार तुमचा आकडा कोणता, हे मात्र तुमच्याच डॉक्टरांनी सांगायला हवे, आणि तो ‘थोडा धोका’, ‘फारसा नाही’ अशा शब्दांत न मागता “माझ्यासारख्या शंभर बायकांपैकी किती जणींना?” असा मागा. डॉक्टरांच्या तोंडचे ‘थोडे’ आणि रुग्णाच्या कानातले ‘थोडे’ यांचे माप एक नसते, हे तुम्हाला मापाच्या टेपने काम करणाऱ्या बाईला सांगायला नको.

हा प्रश्न बायकांना विचारण्याची रीत तशी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड या सर्जनने स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी असे सगळे एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली आणि पुढची पाऊणशे वर्षे जगभर जवळजवळ तेच होत राहिले. त्या काळी बाईला गाठ तपासण्यासाठी भूल देत, भुलीतच तुकडा तपासत, आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकत. शुद्धीवर आल्यावर छातीवरच्या पट्टीवरून तिला निकाल कळे. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची शस्त्रक्रिया १९७४ च्या सप्टेंबरात याच रीतीने झाली. तिथल्या बायकांनी या पद्धतीविरुद्ध आवाज उठवला, आणि १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराचे सर्व पर्याय सांगण्याचे बंधन डॉक्टरांवर घालणारा कायदा केला. रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून निर्णय घ्यावा, ही कल्पना पुढे हृदयविकार, प्रोस्टेट, गुडघे अशा अनेक दुखण्यांत पसरली, पण तिचा एक मोठा पाया तुमच्याच दुखण्यात घातला गेला आहे.

आता तुमच्या सर्जनांकडे वळते. त्यांनी दोन्ही मार्ग सांगितले हे चांगलेच केले. पण “घरी बोला आणि बुधवारी सांगा” म्हणून त्यांनी गोष्ट जिथे सोडली, तिथे अर्धेच काम झाले, आणि तुम्हाला जो एकटेपणा वाटला तो अगदी खरा आहे. ‘तुम्ही ठरवा’ म्हणणे म्हणजे मिळून ठरवणे नव्हे. तुमच्या ओटीवर एखादी मुलगी कापड घेऊन येते आणि मागचा गळा खूप खोल हवा म्हणते, तेव्हा तुम्ही काय करता? “तुझे तू बघ” असे म्हणून कात्री चालवत नाही, आणि “मी शिवीन ते घाल” असेही म्हणत नाही. कापड सुळसुळीत आहे, खांदा उतरेल, हे तुम्ही तिला सांगता. कुठे घालणार, लग्नात की रोज ऑफिसला, हे विचारता. मग गळा दोन बोटे वर घेऊन आतून नाडी लावू या, असे काहीतरी तिच्या आणि तुमच्या बोलण्यातून निघते. कापडाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक असतो, ते घालून कुठे जायचे ते तिला. सर्जनच्या खोलीतही याहून वेगळे काही व्हायला नको. त्यांनी पहिला अर्धा भाग केला, कापडाचे गुण सांगितले. ‘कुठे घालणार’ हे मात्र विचारायचे राहून गेले.

हे नुसते मी म्हणत नाही. तुम्ही पत्रासोबत केसपेपरची झेरॉक्स पाठवली आहे, तिच्यावर व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ असे लिहिले आहे. ताई, मला या सगळ्या कागदांत सर्वांत महत्त्वाची चूक ती वाटली. तुम्ही दिवसाचे सहा-सात तास उजव्या हाताने कात्री चालवता, कापड सरकवता, इस्त्री करता. तुमच्या घरातला रोख पैसा बहुधा पोफळीपेक्षा या हातातून जास्त येत असेल. तुमच्या डॉक्टरांना हे ठाऊक नाही, कारण नोंदणीच्या खिडकीवर कोणी विचारले नाही आणि तुम्हीही सांगितले नाही. आणि हाताचा प्रश्न या शस्त्रक्रियेत स्तनाइतकाच मोठा आहे.

कारण असे की, कॅन्सर पसरू लागला तर सहसा आधी काखेतील ग्रंथींमध्ये जातो, म्हणून स्तनाबरोबर काखेतही शस्त्रक्रिया होते. पूर्वी सगळ्याच ग्रंथी काढत. त्यामुळे काही बायकांचा हात पुढे सुजतो, जड होतो, खांदा पूर्ण वर जात नाही. ही सूज महिन्यांनी, कधी वर्षांनीही येऊ शकते आणि एकदा आली की पुरती जाणे कठीण असते. आता तुमच्यासारख्या, काखेत काही न लागणाऱ्या रुग्णांत, गाठीकडून निघालेला प्रवाह ज्या एक-दोन ग्रंथींत प्रथम पोचतो तेवढ्याच शोधून तपासतात. या तपासणीला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत आणि हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो.

पुढची गोष्ट जरा सावकाश वाचा. त्या पहिल्या एक-दोन ग्रंथींत कॅन्सर सापडलाच, तर पूर्वी काख पूर्ण साफ करत. २०११ मध्ये अमेरिकेतील ८९१ बायकांच्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. या सर्वजणींचा स्तन राखून फक्त गाठ काढलेली होती, पूर्ण स्तनाला रेडिएशन मिळणार होते आणि एक किंवा दोनच ग्रंथी बाधित होत्या. त्यांच्यापैकी ज्यांची काख पूर्ण साफ केली आणि ज्यांची केली नाही, त्यांच्या जगण्यात फरक पडला नाही. दहा वर्षांच्या पाठपुराव्यातही तेच टिकले. त्या चाचणीत पूर्ण स्तन काढलेल्या बायका नव्हत्या. त्यांच्याबाबतही पुढच्या संशोधनाने आता बदल होऊ लागला आहे, पण तिथे डॉक्टरांचा विचार थोडा वेगळा चालतो. म्हणजे तुम्ही ‘स्तन ठेवू की काढू’ एवढाच समजत असलेला प्रश्न हा ‘हात किती वाचेल’ याच्याशीही बांधलेला आहे. घरातल्या कोणी हे तुमच्यासमोर मांडले नाही, कारण त्यांना ते माहीत नाही. डॉक्टरांनी मांडले नाही, कारण त्यांच्या कागदावर तुम्ही गृहिणी आहात. (गृहिणीला हात लागत नाही, असे समजणारा तो रकाना कोणी केला असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटते. पण तो वाद पुन्हा कधीतरी.)

यजमानांचे “एकदाच काय ते” हे म्हणणे प्रेमापोटी आले आहे आणि त्यात तथ्यही आहे. गाठच काढल्यास कडेला कॅन्सरच्या पेशी राहिलेल्या दिसल्या तर काही जणींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेला जावे लागते. रेडिएशन म्हणजे आता पुष्कळ केंद्रांत साधारण तीन आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, काही ठिकाणी त्याहूनही कमी. पण भर पावसात सत्तरीहून रोज इतके अंतर जाऊन-येऊन करणे सोपे नाही. कदंबा बसने दोन गाड्या बदलायच्या की फोंड्याच्या बहिणीकडे राहायचे, तेवढे दिवस कुळागरातली माणसे कोण सांभाळणार, हे प्रश्न ‘वैद्यकीय’ नाहीत म्हणून क्षुल्लक ठरत नाहीत. ज्या बाईला रोजचा प्रवास अशक्य आहे, तिने पूर्ण स्तन काढण्याचा मार्ग घेणे हा पूर्णपणे शहाणपणाचा निर्णय असू शकतो. मात्र यजमानांच्या मनात एक गैरसमज असावा, तो दूर करा. पूर्ण स्तन काढला म्हणजे पुढचे सगळे टळते, असे नाही. किमोथेरपी आणि गोळ्या लागणार की नाही हे गाठीच्या जातीवर आणि ग्रंथींवर ठरते, शस्त्रक्रिया कोणती केली यावर नाही. आणि ग्रंथी बाधित निघाल्या तर पूर्ण स्तन काढूनही रेडिएशन लागू शकते. ‘एकदाच काय ते’ याची हमी कोणताच मार्ग देत नाही.

तुम्हाला स्वतःला स्तन राखावासा वाटतो का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते मी विचारावे की नाही, यावर मी जरा अडले, आणि त्याला कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी साठी ओलांडलेल्या एका विधवा बाईंना मी शस्त्रक्रियेसाठी मोठ्या इस्पितळात पाठवले. चिठ्ठीत लिहिताना आणि त्यांच्याशी बोलताना मी पूर्ण स्तन काढणार असेच धरून चालले. या वयात, नवरा नसताना, त्यांना काय फरक पडणार, असे मी मनाशी म्हटले असणार. शस्त्रक्रिया नीट झाली. दोन वर्षांनी त्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आल्या, तेव्हा अगदी सहज म्हणाल्या, “डॉक्टर, मला दुसरीही वाट होती म्हणे. मला कोणी विचारलेच नाही.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला आजही टोचते. उलट दिशेची चूकही तितकीच होते. २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका लेखात एक आकडा होता. ‘स्तन राखणे हीच माझी सर्वांत मोठी इच्छा’ असे शंभरातल्या ७१ बायका म्हणतील, अशी डॉक्टरांची समजूत होती. प्रत्यक्षात रुग्णांपैकी तसे म्हणणाऱ्या शंभरात सातच निघाल्या. रोगाचे निदान चुकले तर ते तपासणीत उघडे पडते, माणसाच्या इच्छेचे निदान चुकले तर कोणत्याच रिपोर्टात दिसत नाही. म्हणून तुम्हाला काय हवे आहे याचा अंदाज मी बांधणार नाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही बांधू देऊ नका. राखावासा वाटत असेल तर “या वयात काय ते” असे म्हणून स्वतःलाच गप्प करू नका. वाटत नसेल तर त्याचीही लाज नको.

आता मुलाबद्दल. तो दूर आहे, घाबरला आहे आणि घाबरलेला मुलगा आईच्या वतीने फोन फिरवू लागतो, हे समजण्यासारखे आहे. पण कायदा याबाबत स्पष्ट आहे. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला. त्या बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी भुलीत असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले होते. जिवावरचा तातडीचा प्रसंग नसताना, सज्ञान रुग्णाच्या जागी आईने दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. आईची चालली नाही, तिथे पुण्याहून फोन करणाऱ्या मुलाची कशी चालेल? त्याच निकालात डॉक्टरांनी काय सांगायला हवे तेही सांगितले आहे. उपचार कसला आणि कशासाठी, त्याचे फायदे, त्यातले मोठे धोके, दुसरे पर्याय, आणि काहीच केले नाही तर काय होईल, हे सगळे रुग्णाला पुरेसे कळले पाहिजे. मुलाशी भांडू नका. त्याला बुधवारी व्हिडिओ कॉलवर घ्या, किंवा रजा काढून येऊ द्या. फक्त आधी बजावून ठेवा की तू ऐकायला आणि टिपून घ्यायला येतोस, उत्तर मी देणार. डॉक्टर इंग्रजीत त्याच्याशी बोलू लागले तर “मला सांगा, मी ऐकतेय” असे न संकोचता म्हणा.

नणंदेचे म्हणणेही उडवून लावू नका. दुसरे मत घेणे हा डॉक्टरवर अविश्वास नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो हक्क म्हणून नोंदलेला आहे, आणि वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत तुमच्या कागदपत्रांच्या प्रती तुम्हाला मिळायला हव्यात. बायोप्सीचा रिपोर्ट, मॅमोग्राफी आणि शक्य असेल तर बायोप्सीच्या काचपट्ट्याही सोबत ठेवा, म्हणजे दुसरीकडे पुन्हा सुया टोचाव्या लागणार नाहीत. परंतु मुंबईलाच जावे लागेल असे मुळीच नाही, बांबोळी-पणजीच्या बाजूलाही दुसरे मत मिळू शकते. मुंबईला उपचार घ्यायचे ठरले तर पुन्हा तोच रेडिएशनच्या दिवसांचा आणि राहण्याचा हिशेब उभा राहील, तो आधी करा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल, तर तिचाही आधार आहे; २०१६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांची मर्यादा होती. तुम्हाला सांगितलेल्या दोन्ही मार्गांतले काय काय त्यात बसते, हे इस्पितळातल्या योजनेच्या खिडकीवर आधीच विचारून घ्या.

बुधवारी तुम्हाला किती वेळ मिळेल, याबद्दल मी फार आशा दाखवणार नाही. ओपीडीच्या रांगेत तुमच्या मागे चाळीस माणसे असतील आणि डॉक्टरांचाही त्यात दोष नसेल. म्हणून घरून लिहून न्या. तुमचे अक्षर पत्रात पाहिले, टाक्यांसारखे एका ओळीत आहे. अर्धे पान पुरे. आधी स्वतःबद्दल चार ओळी लिहा: मी शिवणकाम करते, उजवा हात रोज इतके तास लागतो, रेडिएशनसाठी इतके अंतर यावे लागेल आणि त्याची सोय होईल किंवा होणार नाही, स्तन राखण्याबद्दल मला असे असे वाटते, आणि मला सर्वांत जास्त भीती अमुक गोष्टीची आहे. मग प्रश्न लिहा. काखेत सेंटिनल नोडची तपासणी इथे होते का, आणि त्यात काही सापडले तर दोन्ही मार्गांत पुढे काय कराल? माझ्यासारख्या शंभरांपैकी किती जणींना पुन्हा त्याच जागी येतो आणि किती जणींचा हात सुजतो? दुसरी शस्त्रक्रिया किती जणींना लागते? मी किती दिवस थांबू शकते? तो कागद बसल्याबरोबर डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडी सांगायला गेलात तर दुसऱ्या वाक्याला कोणीतरी दार उघडून आत येईल.

सर्वांत शेवटी, तुम्ही मला विचारलेला प्रश्न त्यांना विचारा, पण थोडा बदलून. “तुम्हीच ठरवा” असे म्हणू नका, आणि “माझ्या जागी तुमची आई असती तर?” असेही नको. त्यांच्या आईचे आयुष्य वेगळे, तिचा हात वेगळा, आणि ते उत्तर देतील ते तिच्यासाठी. असे म्हणा: “हे सगळे वाचल्यावर तुम्ही मला काय सुचवाल, आणि का?” हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि उत्तर देणे हे त्यांचे काम आहे. पर्याय सांगणारे काही डॉक्टर स्वतःचे मत देणे म्हणजे दडपण आणणे असे समजून गप्प बसतात. मला स्वतःला तो भिडस्तपणा पटत नाही. तीस वर्षे स्तनाच्या शस्त्रक्रिया केलेल्या माणसाचे मत हेही रुग्णाला मिळायला हवे, फक्त ते तुमचे ऐकून घेतल्यानंतरचे असावे. त्यांनी सुचवलेले पटले तर “ठीक आहे, तसेच करू” म्हणा. तो तुमचाच निर्णय असेल. तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर तेच आहे: डॉक्टरांवर सोपवलेत तर चालेल, पण त्यांना तुमच्याबद्दल काही माहीत झाल्यावर. आज त्यांच्यावर सोपवलेत तर ते एका कुठल्याशा गृहिणीसाठी ठरवतील.

निघण्यापूर्वी तुम्हाला काय समजले ते तुमच्या शब्दांत त्यांना परत सांगा, कोंकणीतच सांगा. आपल्याकडे दुखणे कोंकणीत सांगायचे, पत्र मराठीत लिहायचे आणि संमतीपत्रावर सही करायची ती इंग्रजी मजकुराखाली, असा प्रकार आहे. त्या तिन्ही भाषांच्या मधल्या फटीत पुष्कळ काही गळून पडते. संमतीपत्र शस्त्रक्रियेच्या सकाळी, गाऊन चढवल्यावर प्रथम पाहू नका. आदल्या दिवशी मागून घ्या, कोणाकडून तरी ओळन् ओळ समजून घ्या, आणि त्यावर नेमकी कोणती शस्त्रक्रिया लिहिली आहे, काखेबद्दल काय लिहिले आहे, हे बोटाने दाखवून विचारा. बुधवारी उत्तर तयार नसेल तर “अजून आठवडा हवा” असे सांगा. अशा गाठीत विचार करण्यात आणि दुसरे मत घेण्यात एक-दोन आठवडे गेले म्हणून सहसा बिघडत नाही. तुमच्या बाबतीत मर्यादा किती, ते मात्र त्यांच्याकडूनच ऐका आणि महिन्यांवर जाऊ देऊ नका.

आणि आत शिरण्याआधी नोंदणीच्या खिडकीवर थांबून ‘गृहिणी’ हा शब्द दुरुस्त करून घ्या. ‘शिवणकाम, उजवा हात, रोज सहा-सात तास’ एवढे त्या लहानशा रकान्यात मावत नसेल तर कडेला लिहायला सांगा. चवथीचे जे ब्लाउज कापून झाले असतील ते पुरे करा. शस्त्रक्रियेची तारीख हातात येईपर्यंत नवी मापे मात्र घेऊ नका.